'डबके' या शब्दाच्या निमित्ताने

मराठी समीक्षेला 'डबके' हा शब्द फार प्रिय आहे. साहित्यव्यवहार साचला की त्याचे डबके होते, वाङ्मयीन गटांची डबकी होतात, आणि त्यांतील बेडकांना बाहेरच्या सागराची जाण नसते, हे आपण वर्गातही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. या रूपकाला माझी एरवी हरकत नाही. मात्र ओहोटीच्या वेळी खडकाळ किनाऱ्यावरच्या खोलगट जागी समुद्राचे जे पाणी मागे राहते, त्यालाही मराठीत डबकेच म्हणावे लागते, आणि तेथे हे रूपक पार कोलमडते. ते डबके भरतीच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन निघते. मधल्या काही तासांत त्यातले पाणी उन्हाने तापते, आटत जाऊन अधिक खारे होते. पावसाची सर आली तर उलट अळणी होते. रात्री त्यातला प्राणवायू कमी होतो. हे सारे सोसून जगणाऱ्या जीवांची ती वस्ती असते. साचलेपणाचे उदाहरण म्हणून याहून गैरलागू वस्तू शोधूनही सापडणार नाही.

हा शब्दच्छल वाटेल. पण मुलांना या डबक्यांतील प्राणी-वनस्पतींची ओळख करून देण्याचा प्रश्न निम्मा तरी भाषेचा आहे, असे माझे मत आहे. म्हणूनच तो विज्ञानशिक्षकांवर सोपवून मराठीच्या शिक्षकांना मोकळे होता येणार नाही.

आपल्या कवितेतला समुद्र बहुधा क्षितिजाशी असतो. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर 'सागरा प्राण तळमळला' रचले, त्यातला समुद्र मायभूमी आणि कवी यांच्यामध्ये पसरलेला आहे. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत'मधला समुद्र माणसाला ललकारणारा. दोन्ही कविता थोरच. परंतु दोहोंतही दृष्टी दूरवर आहे, पायाशी नाही. याचा परिणाम विद्यार्थ्यांच्या निबंधांत दिसतो. किनाऱ्यावरच्या गावातून आलेला, सकाळ-संध्याकाळ समुद्र पाहणारा मुलगा 'अथांग निळा सागर' असे लिहितो. त्याच्या गावचा समुद्र पावसाळ्यात मातकट आणि एरवीही बहुधा करडा-हिरवा असतो. त्याची आई खडपांत बसून 'कालवं' फोडते. पण निबंधात ती आई येत नाही, तो रंग येत नाही आणि कालवंही येत नाहीत. घरची भाषा परीक्षेच्या कामाची नाही, हे तो आपल्याकडूनच शिकलेला असतो.

विज्ञानाच्या तासाला याच कालवांना 'मृदुकाय' हे नाव भेटते. खेकडा 'संधिपाद' होतो आणि तारामासा 'कंटकचर्मी'. या परिभाषेची टवाळी करण्याची एक फॅशन आहे, तिच्यात मला सामील व्हायचे नाही. कंटकचर्मी हा शब्द नेटका आहे, अर्थवाही आहे. दोष आहे तो क्रमाचा. मूल आधी चित्रावरून नाव पाठ करते आणि मग, नशीब असेल तर, किनाऱ्यावर जाऊन त्या नावाचा धनी शोधते. सापडला की खूण करते आणि पुढे निघते. पाहणे तिथेच संपते. जॉन स्टाइनबेकचा मित्र एड रिकेट्स याने १९३९ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर 'बिटवीन पॅसिफिक टाइड्स' हे पुस्तक सहलेखकासह सिद्ध केले, त्याची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. प्राण्यांची मांडणी त्यात प्रामुख्याने वर्गीकरणानुसार नाही, वस्तीनुसार आहे: उघड्या खडकावर कोण, आडोशाला कोण, ओहोटीच्या अगदी तळाशी कोण. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर मुलाला आधी क्रियापद द्यावे, नाम नंतर.

उदाहरणार्थ, बार्नॅकल. खडकाला चिकटलेले, पायाला खरचटणारे ते पांढुरके सुळके पाहून मुले त्यांना दगडच समजतात. नाव सांगून काही साधत नाही. पण एखादे पाण्याखालचे बार्नॅकल पाच मिनिटे न हलता पाहिले, तर त्याच्या तोंडची झापे उघडतात आणि पिसांसारखे पाय बाहेर येऊन पाणी विंचरू लागतात. खडकाला डोके कायमचे चिकटवून पायांनी घास ओढणारा हा प्राणी, आणि तो नात्याने खेकड्याच्या कुळातला! हे ज्याने पाहिले त्याला 'संधिपाद' हा शब्द शिकवावा लागत नाही, तो मागून घेतो. तीच गोष्ट समुद्रफुलाची. फूल म्हणून त्याच्याकडे वाकलेल्या मुलाला ते एखादा इवला जीव धरताना दिसते, आणि 'वनस्पती की प्राणी' हा तक्ता तेथेच डळमळू लागतो. मुंबईच्या खडकांवर झोअँथिडांचे हिरवट गालिचे पसरलेले असतात; त्यांना शेवाळ समजून त्यावरून चालणारे कितीतरी लोक आहेत. ते प्राणी आहेत, प्रवाळांचे नातलग. आणि खरे समुद्री शेवाळ झाडासारखे दिसले तरी त्याला मुळे नाहीत. खडकाला धरून ठेवणारी केवळ एक पकड आहे.

शंखात राहणाऱ्या खेकड्याला इंग्रजीत 'हर्मिट' म्हणतात, म्हणून आपल्याकडे कोणी त्याला संन्यासी खेकडा म्हणतात. कसला संन्यासी? मागचे अंग मऊ असल्याने तो सतत घराच्या चिंतेत असतो. रिकामा शंख दिसला की आतबाहेर चाचपतो, पसंत पडला की क्षणात जुने घर सोडून नव्यात शिरतो, वेळप्रसंगी दुसऱ्याला त्याच्या घरातून हुसकावूनही लावतो. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण विंचवापेक्षा यालाच अधिक शोभते. 'बिऱ्हाड' हा शब्द आपल्याजवळ असताना उसना संन्यास कशाला आणावा?

आता एका व्यावहारिक गोष्टीकडे वळतो, जिच्याकडे शाळांचे संपूर्ण दुर्लक्ष आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशोब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांच्या जिभेवर असतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. उधाणाची भरती अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, दुपारी सव्वाअकरा ते दीडच्या दरम्यान. म्हणजे पाणी खोलवर मागे जाते ते सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास. उलट भर दुपारी बाराला ओहोटी पडते ती अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते. भांगाला बहुधा त्याच्या निम्मेही नाही. याचा अर्थ असा, की अकरा ते पाच भरणाऱ्या शाळेच्या वेळेत खालच्या खडकांवरची डबकी जवळजवळ कधीच उघडी पडत नाहीत. आपल्या सहली दुपारी बाराला किनाऱ्यावर पोचतात, मुले वाळूत पकडापकडी खेळतात, डबे खातात, आणि 'समुद्र पाहिला' अशी नोंद होते. पाहिला तो समुद्राचा झाकलेला भाग.

या हिशोबात पंचांग आहे, गणित आहे, भूगोल आहे, आणि 'उधाण', 'भांग', 'सुकती' असे शब्द आहेत. मुलाला 'उधाण' कळते ते उत्साहाला येते म्हणून. समुद्राला येते हे त्याला नंतर, एखाद्या तळटीपेत कळते. शब्दाचा मूळ घरमालक बेघर आणि लाक्षणिक अर्थ मात्र सुखात, अशी ही अवस्था आहे. आणि हे ज्ञान ज्यांच्याजवळ आहे, त्या खडपांत कालवं, शिनाणे, खुबे गोळा करणाऱ्या कोळणींना आपण कधी शाळेत बोलावले आहे? कोणत्या तिथीला कोणता खडक उघडा पडतो, पाय कोठे ठेवावा, पाणी वळले हे कशावरून ओळखावे, हे त्या सांगू शकतात. मारुती चितमपल्ली यांनी (ते जून २०२५ मध्ये गेले) जंगलातल्या माणसांकडून शब्द वेचून पक्षिकोश, प्राणिकोश, वृक्षकोश सिद्ध केले. पक्ष्यांच्या वसाहतींना 'काकागार', 'सारंगागार' अशी नावे दिली. ओहोटीच्या रेषेवर बसून तसे काम करणारे कोणी मराठीला हवे आहे. मराठी विभागांत प्रबंधांच्या विषयांची टंचाई असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते, म्हणून हे सांगितले.

एक धोका मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. फिलिप हेन्री गॉस याने १८५० च्या दशकात इंग्लंडमध्ये समुद्रजीवांवर सुंदर पुस्तके लिहिली, मत्स्यालयांचे वेड लावले. त्यातून लोक बादल्या-बरण्या घेऊन किनाऱ्यांवर तुटून पडले. त्याचा मुलगा एडमंड गॉस याने 'फादर अँड सन' (१९०७) या आत्मचरित्रात लिहिले आहे, की बापाने ज्या डबक्यांचे वैभव जगाला दाखवले, ती त्याच्याच वाचकांनी ओरबाडून टाकली. इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे पुस्तक पितापुत्र संघर्षासाठी ठाऊक असते. मला त्यातला हा भाग अधिक बोचतो. आपल्याकडेही शिंपले-शंख जमवण्याचे 'प्रकल्प' दिले जातात. प्रत्येक रिकामा शंख हे कुणाचे तरी पुढचे बिऱ्हाड आहे, हे प्रकल्प तपासणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मोकळ्या हातांनी जावे, मोकळ्या हातांनी यावे; दगड उलटलाच तर होता तसा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला सावलीत जगणारे जीव उन्हात मरतात. काही शंखांना विषारी दंश असतो, तेव्हा हा नियम मुलांच्याही हिताचा आहे.

मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाने नागरिकांना ओहोटीच्या वेळी खडकांवर नेण्यास सुरुवात केली. त्याच शहरात किनारी रस्त्यासाठी समुद्रात भराव पडला. २०२० च्या अखेरीस हाजी अली आणि वरळी येथील प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. रस्ता हवा की नको, हा वाद येथे उकरत नाही. पण त्या वादात 'तिथे होतेच काय, नुसते खडक' हे वाक्य मी सुशिक्षित मराठी माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकले. त्यांनी दहावीपर्यंत मृदुकाय आणि कंटकचर्मी पाठ केलेले होते.

तेव्हा किनाऱ्याजवळच्या शाळांनी पावसाळा सोडून एक द्वितीया किंवा तृतीया ठरवावी, सकाळी सातला दहा-बारा मुले आणि वाट ठाऊक असलेली एखादी कोळीण घेऊन खडपांवर जावे, एका मुलाला एकच डबके द्यावे आणि अर्धा तास काहीही न सांगता त्याला तेथे बसू द्यावे. परतल्यावर निबंध मराठीच्या शिक्षकाने लिहून घ्यावा. त्यात 'अथांग' हा शब्द आला तर गुण कापण्यास माझी हरकत नाही.