नियंत्रण कोणाचे, मोजमाप कोणाचे?

साथीचे नियंत्रण शास्त्रशुद्ध रीतीने व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. नियंत्रणशास्त्राचा मूळ विचार साधा आहे : उपाय योजावा, त्याचा परिणाम मोजावा आणि त्या मोजमापानुसार उपाय कमीअधिक करावा. परिणाम उशिरा कळत असेल, तर उतावीळपणा घातक ठरतो. कालव्याच्या मुखाशी दार उघडले तरी पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तेवढा धीर न धरता दार खालीवर करणारा पाटकरी कधी बांध फोडतो, कधी पिके वाळवतो. साथीतही लागण झाल्यापासून ती आकडेवारीत उमटेपर्यंत आठवडा-दोन आठवडे सहज जातात.

या शास्त्राचे नाव घेणाऱ्या सत्ताधाऱ्यांनी प्रत्यक्षात काय केले? २४ मार्च २०२० रोजी रात्री ८ वाजता देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली आणि ४ तासांत अमलात आली. रोजंदारी बुडालेला मजूर कोठे राहील, काय खाईल, याचे मोजमाप करणारी यंत्रणाच नव्हती. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर विसावलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले की, स्थलांतरित मजुरांच्या मृत्यूंची आकडेवारी उपलब्ध नाही. ज्या मृत्यूची नोंदच होत नाही, त्याची किंमत हिशेबात शून्य धरली जाते.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीच्या गणिताने, खबरदारीचे नियम पाळले गेल्यास फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ आटोक्यात येईल, असे भाकीत केले. एप्रिल-मे २०२१ मध्ये दैनंदिन रुग्णसंख्या ४ लाखांवर गेली. भाकितावर विसंबू नका, मोजत राहा, हा तर नियंत्रणशास्त्राचाच धडा होता!

जून २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाधितांचे प्रमाण आणि ऑक्सिजन खाटांचा वापर या दोन मापांवरून जिल्ह्यांचे ५ स्तर ठरवले. निर्णय लहरीवरून मापावर आला, हे स्वागतार्हच. पण दोन्ही मापे रुग्णालयाची होती. बुडालेल्या मजुरीचे आणि रिकाम्या चुलीचे माप त्यांत नव्हते.

विज्ञानात राजकारण आणू नये, असा उपदेश यावर होईल. परंतु राजकारण तेथे आधीच आहे. कोणती हानी कमीत कमी करायची, हे ठरवल्याशिवाय या शास्त्राचे एकही समीकरण सुटत नाही, आणि ती निवड समीकरण करत नाही; ती सत्ता करते. शिवाय उपाशी माणूस घरात थांबत नाही, आणि एका खोलीत आठ जण राहत असतील तर विलगीकरण हा शब्दच पोकळ ठरतो. २०२० मध्ये धारावीत शाळा-सभागृहांत विलगीकरणाची व जेवणाची सोय महापालिकेला करावी लागली, ती याच कारणाने. म्हणजे धान्य, मजुरी आणि निवारा ही दया नव्हे. साथनियंत्रणाची ती अपरिहार्य साधने आहेत.

म्हणून पुढच्या साथीची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी गावोगाव आणि वस्तोवस्ती हा आग्रह धरला पाहिजे : निर्बंधांची मापे आधी जाहीर व्हावीत, त्यांत मजुरी व धान्य यांचे माप असावे, आणि ते मोजण्याचा अधिकार कष्टकऱ्यांच्या संघटनांनाही असावा. ज्यांच्यावर नियंत्रण चालते, त्यांच्या हाती मोजपट्टी नसेल, तर त्या नियंत्रणाला शास्त्र म्हणता येणार नाही. ती केवळ हुकमत ठरेल.