छप्पर मालकाचे, गळती भाडेकरूची

मुंबईच्या जुन्या चाळीला तीन धनी असतात. कागदावर मालक, खोलीत भाडेकरू आणि पावसाळ्यात पाणी. पहिले दोघे एकमेकांना नोटिसा धाडत बसतात, तोवर तिसरा मुकाट्याने ताबा घेतो.

गिरगावातली किंवा लालबागची जुनी चाळ जरा निरखून पाहा. सागवानी खांब, तुळया, त्यांवर फळ्यांची जमीन, चुन्यातल्या विटांच्या भिंती, डोक्यावर मंगलोरी कौले. काम मुळात दणकट. त्याचा वैरी एकच, पाणी. फुटलेले कौल दोन पावसाळे तसेच राहिले की तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजू लागते. सामाईक संडासाचा बिडाचा नळ तडकला की ओल भिंतीत मुरते. त्या ओलीवर कावळ्याच्या कृपेने पिंपळ उगवतो. रोप असताना तो दोन बोटांनी उपटता येतो. पाच-सात वर्षांनी त्याच्यासाठी भिंतच उतरवावी लागते.

भाडेकरू घराची हेळसांड करतात, असे मात्र कोणी म्हणू नये. गणपतीच्या आधी रंग होतो, मोरीला टाइल्स बसतात, पोटमाळा निघतो, फळ्यांवर काँक्रीट ओतून चकचकीत लाद्या घातल्या जातात. खोली देखणी होते आणि खालच्या म्हाताऱ्या तुळईवर बोजा वाढतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते. उंबरठ्याच्या आतले सारे आपले आणि बाहेरचे सारे मालकाचे, हा आपला हिशेब. पन्हळ, जिना, छप्पर, गटार यांना या हिशेबात जागाच नाही. इमारती पडतात त्या नेमक्या तिथून.

मग मालक काय करतो? वडिलोपार्जित वाट्याने गिरगावातल्या एका चाळीच्या मालकीत माझाही आठवा हिस्सा आहे, म्हणून हे जरा आकड्यांत सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत तो कायदा गोरगरिबांचा आधार होता, यात शंका नाही. पण तात्पुरता म्हणून आलेला हा पाहुणा अर्धशतक मुक्कामाला राहिला. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि मालकाला दरसाल ४ टक्के वाढीची मुभा मिळाली. समजा, तेव्हा खोलीचे भाडे ३० रुपये होते. चक्रवाढीने धरले तरी २५ वर्षांत ते ८० रुपये होते. चाळीस बिऱ्हाडांचे वर्षाचे भाडे ३८,४०० रुपये. त्यात कर भरायचा, झाडूवाल्याला द्यायचे आणि छप्परही शाकारायचे! एवढ्या पैशांत चार मजली इमारतीला परांचीसुद्धा धड बांधून होत नाही.

कायदा म्हणतो, दुरुस्ती मालकाने करावी. त्याने कुचराई केली तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंनी ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. म्हणजे आपल्या उदाहरणात खोलीमागे २४० रुपये.

याचा अर्थ मालक बिचारे आहेत असा नव्हे. पागडीवर खोली हस्तांतरित होते तेव्हा मालकाचा वाटा रोख येतो. त्याची कमाई खोली विकली जाण्यात आहे, इमारत टिकण्यात नाही. बँकेत असताना घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज मी पुष्कळ पाहिले. भाडेकरूपाशी तारण ठेवायला मालकी नसे आणि मालकापाशी हप्ता फेडण्याइतके भाडे नसे. दोघांचे म्हणणे खरे, आणि अर्ज मात्र दोघांचेही परत.

ही कोंडी सरकारने ओळखली होती. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, उपकर सुरू झाला. त्या वेळी शहरात अशा १९,६४२ इमारती मोजल्या गेल्या. पुढे हे मंडळ म्हाडात गेले. त्याने हजारो इमारतींना टेकू दिले, गर्डर घातले, कित्येक नव्याने उभारल्या. पण मंडळ म्हणजे इस्पितळ. रोज दात घासण्याचे काम इस्पितळ करीत नाही. १९८६ साली भाडेकरूंच्या सोसायटीला इमारत संपादन करून देण्याची तरतूद आली. मालक १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यातल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायाधीशांचा निकाल लागला तो ५ नोव्हेंबर २०२४ ला. मध्ये बत्तीस पावसाळे गेले. २०१७ मध्ये भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे गेली, २०१९ मध्ये डोंगरीत पुन्हा तेच झाले.

आता नवे निमित्त सापडले आहे, पुनर्विकास. "टॉवर होणारच आहे, मग कौलांवर खर्च कशाला?" हे वाक्य परळपासून ठाकूरद्वारपर्यंत ऐकू येते. बिल्डरची वाट पाहत दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्या काळात इमारतीला कोणी हात लावीत नाही. बरे, टॉवर झाला म्हणून सुटका थोडीच आहे? तिथे लिफ्ट आहे, पंप आहे, महिन्याचा मेंटेनन्स आहे. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरसाल दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाकायला सांगितले आहे. घर दरवर्षी थोडे थोडे झिजते, हे तिथे नियमानेच मान्य केले आहे. दादरच्या आमच्या सोसायटीत या रकमेवरून दर सभेत कुरकुर होते. पण गच्ची गळली तेव्हा पैसे होते.

चाळीलाही हेच हवे. मालक आणि भाडेकरू यांच्या संयुक्त सहीचे एक खाते. खोलीमागे महिना दोनशे रुपये आणि मालकाची तेवढीच भर. त्या चाळीस बिऱ्हाडांच्या चाळीत वर्षाला १,९२,००० रुपये जमतात. खात्यावर स्पष्ट लिहून ठेवावे की या पैशाने कोणाचा मालकीहक्क वाढत नाही आणि कोणाचा भाडेहक्क कमी होत नाही. भीती तीच तर आहे! दावे चालू राहोत, बिल्डरशी बोलणी चालू राहोत. कौले, पन्हळ, नळ आणि पिंपळ यांना त्यातून वगळावे.

मे महिन्यात छपरावर माणूस चढवावा. कौल कोणाच्या मालकीचे, हे त्याला विचारू देऊ नये.