धर्म तुमच्याकडून काय करून घेतो?

धर्माचा विषय निघाला की कॉलेजच्या कट्ट्यावर लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘सोड ना यार, हे सगळं आजी-आजोबांचं.’ दुसरीच्या डीपीवर, बाइकवर, स्टेटसवर धर्मच धर्म. गंमत अशी की धर्मामुळे दोघांच्याही रोजच्या जगण्यात काडीचा फरक पडलेला नसतो. एकानं तो सोडून दिलाय, दुसऱ्यानं मिरवायला ठेवलाय.

धर्म चांगला की वाईट, यावर वाद घालत रात्र काढता येते. त्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारून बघा : हा धर्म माझ्याकडून काय करून घेतो?

आषाढी वारीचंच घ्या. आळंदी ते पंढरपूर, साधारण अडीचशे किलोमीटर. पायी. प्रत्येक दिंडीला नंबर असतो, कुणी रथापुढे, कुणी रथामागे. दिंडीतही पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. चिखलात तंबू ठोकायचा, टँकरपाशी रांग लावायची, पंगतीत पडेल ते खायचं आणि समोरच्याच्या पाया पडायचं, मग तो वयानं लहान का असेना! आपली फ्रेंडलिस्ट आपण निवडतो. दिंडीतला शेजारी निवडता येत नाही. त्याचं घोरणं, त्याचा हट्ट, त्याचं दुःख सगळं सांभाळत चालावं लागतं. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला फी भरून हे शिकता येईल?

गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला कचरा काढायचा. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. आजही त्यांच्या नावानं दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत, कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. मुंबईत ओळखपाळख नसलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर मिळतं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसताना कुणी जात विचारत नाही. रमजानच्या महिन्यात कितीतरी मुस्लिम घरांत जकातीचा हिशोब होतो, शिल्लक पैशातला अडीच टक्के वाटा गरजूंचा. हे सगळं धर्मच करून घेतो.

आता तुम्ही म्हणाल, आणि जातीचं काय?

बरोबर आहे. ज्या पंढरपूरचं आपण कौतुक करतो, तिथे चोखोबांची समाधी देवळाच्या पायरीशी आहे. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. म्हणजे माणसाला बाहेर ठेवण्याचं कामही धर्माच्याच नावानं झालं, आणि शतकानुशतकं झालं. पण ते दार उघडा म्हणून उपाशी बसलेला माणूसही श्रद्धावानच होता, हेही विसरू नका.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर वेगळाच रस्ता घेतला. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात त्यांनी माणूसपण नाकारणारा धर्म सोडला आणि बौद्ध धम्म स्वीकारला. सोबत आलेल्या लाखोंना 22 प्रतिज्ञा दिल्या. त्यात चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, अशा रोज पाळायच्या गोष्टी होत्या. 6 डिसेंबरला दादरला जाऊन बघा. चैत्यभूमीच्या गर्दीत पुस्तकांच्या स्टॉलवर झुंबड असते. लांबून आलेली माणसं परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात.

तेव्हा धर्म तपासायचा तर असा तपासा. तो तुम्हाला झाडू हातात घ्यायला लावतो की दगड? अनोळखी माणसाच्या पंगतीला बसवतो, की त्याचं आडनाव विचारायला लावतो? उत्तर नको ते आलं तर भांडा, बदला, नाहीतर सरळ सोडा. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी करणारी मोठी माणसं होऊन गेलीत.

आणि देव मानतच नसाल, तरी काही बिघडत नाही. फक्त आपल्यापेक्षा वेगळ्या माणसांसोबत राहायचा, त्यांच्यासाठी राबायचा सराव तुम्ही कुठे करता, तेवढं शोधून ठेवा. कारण तो सराव स्टेटस ठेवून होत नाही आणि नुसती टिंगल करूनही होत नाही.