सर्वांत जास्त कौशल्य कोणत्या खेळाला?

कॅरम खेळताना सोंगटी पॉकेटात गेली की आपण खूश होतो. स्ट्रायकर कोठे जाऊन थांबला, याची फारशी फिकीर करीत नाही. कारण तो उचलून पुन्हा आपल्या रेघेवर ठेवता येतो. बिलियर्ड्सच्या टेबलावर ही सवलत नाही. आपला चेंडू जेथे थांबेल तेथूनच पुढचा फटका मारावा लागतो. अशा टेबलावर खेळले जाणारे पूल, स्नूकर आणि बिलियर्ड्स हे तीन खेळ आपल्या ऐकण्यात असतात. त्यांपैकी सर्वांत जास्त कौशल्य कशाला लागते?

वर्गात ‘आघात’ हे प्रकरण शिकवताना मी हा प्रश्न विचारतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थी स्नूकरचे नाव घेतात. त्यांचे म्हणणे उगाच नाही. स्नूकरचे टेबल 12 फूट लांब आणि चेंडू फक्त साडेबावन्न मिलिमीटर व्यासाचा. समजा, दोन चेंडूंच्या केंद्रांत व्यासाच्या वीसपट, म्हणजे एक मीटरहून थोडे जास्त अंतर आहे. समोरचा चेंडू सरळ पुढे न्यायचा आहे आणि आपला नेम अर्ध्या अंशाने चुकला. तर तो चेंडू सुमारे साडेनऊ अंशांनी भलतीकडे जाईल! त्यातून पॉकेटही अरुंद. पूलमध्ये मात्र कोपऱ्यातल्या पॉकेटाचे तोंड चेंडूच्या जवळजवळ दुप्पट असते. शिवाय ‘नाइन बॉल’ या प्रकारात सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला आधी स्पर्श झाला आणि मग 9 क्रमांकाचा चेंडू योगायोगाने पॉकेटात पडला, तरी डाव जिंकता येतो.

म्हणजे अचूक नेमाची परीक्षा स्नूकरमध्ये सर्वांत कठीण, हे मला मान्य आहे. तरीही माझे मत बिलियर्ड्सला आहे.

या खेळात चेंडू तीनच: प्रत्येक खेळाडूचा एक आणि एक तांबडा. आपल्या चेंडूने इतर दोघांना स्पर्श केला की 2 गुण. तांबडा पॉकेटात घातला, किंवा तांबड्याला लागून आपलाच चेंडू पॉकेटात गेला, की 3 गुण. स्नूकरमध्ये पॉकेटात गेलेला तांबडा चेंडू टेबलावरून कायमचा जातो. बिलियर्ड्समध्ये तो परत आपल्या जागी येतो. त्यामुळे प्रत्येक फटक्यानंतर तिन्ही चेंडू कोठे असतील, हे आधीच ठरवावे लागते.

येथे निसर्गाची एक गंमत पाहा. आपला चेंडू घरंगळत जाऊन समोरच्या चेंडूच्या अर्ध्या भागावर आदळला, तर तो सुमारे 34 अंशांनी वळतो. पाव किंवा पाऊण भागावर आदळला तरी वळण्याचा कोन 30 अंशांच्या आसपासच राहतो. म्हणजे नेम थोडा चुकला तरी आपला चेंडू पॉकेटात जाण्याची आशा असते. पण तांबड्या चेंडूला ही माफी नाही. पाऊण भागाऐवजी पाव भागावर आघात झाला, तर त्याची दिशा सुमारे 15 अंशांवरून 49 अंशांवर जाते. गुण मिळतात, पण तांबडा भलत्याच जागी जातो आणि पुढचा फटका अवघड होऊन बसतो. सोपा कोन नशिबाने मिळत नाही. तो आधीच्या फटक्यात तयार करावा लागतो. खरे कौशल्य मी याला म्हणतो.

पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 आणि 1964 साली, तर मुंबईचे मायकेल फरेरा 1977, 1981 आणि 1983 साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. आज मात्र या खेळापेक्षा स्नूकरचेच नाव अधिक ऐकू येते, याचे मला वाईट वाटते.

माझे मत पटले नसेल तर स्वतः प्रयोग करून पाहा. जमिनीवर चादर ताणून बसवा आणि दोन सारख्या गोट्या घ्या. एक मधोमध ठेवा आणि दुसरी तिच्या कडेचा नेम धरून घरंगळत सोडा. दोघींच्या वाटा खडूने आखा आणि कोनमापकाने कोन मोजा. दहा वेळा असे केलेत, की कोणती गोटी माफ करते आणि कोणती करीत नाही, हे तुम्हीच मला सांगाल.