गुण कशाला द्यायचे?

व्हिडिओ गेमविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात सहसा दोनच सूर ऐकू येतात. एक काळजीचा : मुले बिघडतात, हिंसक होतात. दुसरा उपेक्षेचा : हा साहित्याच्या अभ्यासकाचा विषयच नव्हे. दोन्हींमागे एकच गृहीतक आहे. खेळाचा आशय म्हणजे पडद्यावरची चित्रे, आणि चित्रात बंदूक असेल तर आशय हिंसेचा. हे गृहीतक मला अपुरे वाटते. खेळ ही संहिता मानली, तर तिचा आशय चित्रांपेक्षा नियमांत अधिक शोधावा लागतो. आणि नियमांत सर्वांत बोलका नियम गुणदानाचा.

उदाहरणादाखल 'स्वॅट ४' घेऊ. इरॅशनल गेम्सने २००५ साली केलेला हा खेळ. खेळाडू अमेरिकी पोलिसांच्या विशेष सशस्त्र पथकाचा प्रमुख, सोबत चार सहकारी. समोर एखादे घर, उपाहारगृह किंवा इस्पितळ. आत शस्त्रधारी संशयित आणि भेदरलेले नागरिक. येथवर सारे परिचित आहे. पण या खेळात पहिली कृती गोळीबाराची नसून ओरडण्याची आहे. 'पोलीस! शस्त्र खाली टाक!' हे दरडावण्यासाठी स्वतंत्र बटण आहे. समोरच्याने शस्त्र रोखलेले नसताना गोळी झाडली, तर गुण वजा होतात. संशयिताला ठार करण्यापेक्षा बेड्या घातल्यास गुण अधिक मिळतात. जखमी वा मृत व्यक्तीची वर्दी नियंत्रण कक्षाला देणे राहिले, तरी गुण जातात. सर्वांत अवघड पातळीवर १०० पैकी ९५ गुण मिळाल्याखेरीज मोहीम फत्ते झाली असे धरलेच जात नाही. शिवाय संशयितांच्या जागा दर खेपेस बदलतात, त्यामुळे पाठांतर कामास येत नाही. दार उघडण्यापूर्वी फटीतून पाहावे लागते, थांबावे लागते.

या खेळातील एका मोहिमेत फेअरफॅक्स नावाच्या खुन्याच्या घरात शिरायचे असते. तरुणींना पळवून मारणारा हा माणूस. तळघराकडे जाताना त्याच्या कृत्यांच्या खुणा दिसत जातात आणि खेळाडूचे बोट चापाकडे आपोआप वळते. गुणांचा नियम मात्र तोच राहतो. याला जिवंत धरलेत तर अधिक गुण. आपली घृणा कितीही खरी असली, तरी गुणपत्रिकेत तिला रकाना नाही.

या मालिकेचे मूळ पाहता हे अधिकच लक्षणीय ठरते. ती 'पोलीस क्वेस्ट' या जुन्या मालिकेतून निघाली, आणि तिच्यातील १९९३ च्या खेळाला लॉस एंजेलिसचे माजी पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स यांचे नाव जोडलेले होते. रॉडनी किंगला झालेली मारहाण आणि १९९२ ची दंगल यांनंतर ज्यांना पद सोडावे लागले, तेच हे गेट्स. बळाच्या अतिरेकासाठी बदनाम झालेल्या नावाशी नाते असलेली मालिका पुढे बळाच्या वापरावर गुण कापू लागली.

आता आपल्याकडे वळू. आपल्या लोकप्रिय कल्पनेत 'एन्काउंटर'चे गुणदान उलटे आहे. अधिकाऱ्याच्या नावापुढे आकडा लागतो. 'अब तक छप्पन' (२००४) या चित्रपटाचे नावच असा आकडा आहे. मुंबईतील अशाच चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी सोळा मार्गदर्शक सूचना दिल्या. गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावा, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी. त्यांतली एक सूचना मला फार अर्थपूर्ण वाटते : चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये. न्यायालयाने येथे गुणदानाच्या पद्धतीवरच बोट ठेवले आहे.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातील आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याला नेले जात होते तळोजा कारागृहातून. मी राहते ते करंजाडे आणि ते कारागृह एकाच पनवेल तालुक्यात. त्यामुळे ही बातमी आमच्याकडे दूरची नव्हती. मुंबईत 'बदला पुरा' असे फलक लागले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पाच पोलिसांना या मृत्यूस जबाबदार धरले. त्या गुन्ह्याविषयीचा संताप रास्तच होता, माझाही होता. पण जो खटला चालायचा होता, तो त्या मुलींच्या वतीने चालायचा होता. आरोपीबरोबर तोही संपला, याचे गुण आपण कोणाला दिले?

खेळाच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. त्याची कथा बेड्यांपाशी थांबते. न्यायालय, पुरावा, निर्दोष सुटणारा माणूस तेथे नाही. बळ वापरणाऱ्याच्या मनाचे काय होते, हे तर त्याला ठाऊकच नाही. ते आपल्याला श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेल्या 'अर्धसत्य' (१९८३) या चित्रपटाने दाखवले. कोठडीत एका भुरट्या चोराला मरेस्तोवर मारणारा वेलणकर राक्षस नाही, आतून उसवत गेलेला माणूस आहे. साहित्याचे काम असे खेळापुढे जाते. तरीही नियम बदलला की कृतीचा अर्थ बदलतो, हे हाताच्या बोटांना समजावण्याची शक्ती खेळात आहे, आणि ती कथेत नाही.

राहता राहिला नेहमीचा आक्षेप : हे सारे पडद्यावर ठीक, खऱ्या गोळीपुढे असले गुण कोण मोजतो? त्याचे उत्तर गिरगाव चौपाटीवर आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सहकाऱ्यांनी त्याला जिवंत पकडले. म्हणून कटाचे धागे उलगडले, म्हणून खटला उभा राहिला, अपिले झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात शिक्षा अमलात आली. ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. आपल्या गणराज्याने दिलेले ते सर्वोच्च गुण आहेत, आणि ते एका शत्रूला जिवंत धरण्यासाठी दिले आहेत. वर्गात कधी 'नायक' या संकल्पनेची चर्चा निघाली, तर विद्यार्थ्यांनी कथानकाच्या आधी गुणपत्रिका तपासावी, एवढेच सुचवावेसे वाटते.