दिव्याखालची मेथी

मुलांनो, माझ्या वर्गातल्या एका मुलीने अंधाऱ्या खोलीत एलईडी दिव्यांखाली मेथी पेरली. छान उगवली! दिवे दोन, ४०-४० वॉटचे. त्यांची काळजी नव्हतीच. पण सकाळच्या घाईत त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर १००० वॉटची इस्त्री आणि १५०० वॉटची किटलीही!

करा बेरीज: २५८०. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ११ अँपिअरच्या वर. बोर्डावर छापलंय ६! वायर आईच्या हाताला गरम लागली, म्हणून कळलं तरी.

"पण बाई, एमसीबी पडला नाही!"

कसा पडेल? तो १६ अँपिअरचा, भिंतीतल्या जाड वायरीसाठी. बोर्डाची वायर बारीक, तिचं त्याला काय!

आता किटली आणि इस्त्री भिंतीतल्या मोठ्या प्लगवर, एकेक करून. बोर्डावर फक्त दिवे. परवा मेथी डब्यातून माझ्यापर्यंत आली.