श्राव्य कादंबरी : अद्भुताचा आस्वाद आणि भातसाकाठचा श्रोता

कुमारवयीन व तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य आणि डिस्टोपियन, म्हणजे दुःस्वप्नवत भावी समाजाचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्या आज वाचल्या जातात तशाच ऐकल्याही जातात. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आल्यानंतर मराठी श्राव्यपुस्तकांनाही नियमित व्यासपीठ लाभले. मराठी समीक्षेने मात्र या आस्वादाची फारशी दखल घेतलेली नाही. या उपेक्षेमागे दोन गृहीतके दिसतात : ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, आणि हे साहित्य पलायनवादी असते.

यांतील पहिले गृहीतक मराठी वाङ्मयेतिहासाशीच विसंगत आहे. ‘लीळाचरित्र’ अनुयायांच्या स्मरणातून सिद्ध झाले. ‘ज्ञानेश्वरी’ची रचनाच समोर बसलेल्या श्रोत्यांना उद्देशून आहे. चातुर्मासात एकाने पोथी वाचावी आणि गावाने ऐकावी, ही रीत तर कालपरवापर्यंत सार्वत्रिक होती. स्टीफन फ्राय वा जिम डेल यांनी ‘हॅरी पॉटर’ वाचताना प्रत्येक पात्राला निराळा आवाज दिला. त्यातून मिळणारा आनंद आख्यान रंगवणाऱ्या कीर्तनकाराने दिलेल्या आनंदाच्याच जातीचा आहे. तो गौण ठरवण्यास वाङ्मयीन कारण दिसत नाही.

दुसऱ्या गृहीतकाचा विचार सापगावच्या संदर्भात करणे उद्बोधक ठरेल. सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८) या कादंबरीत बारा जिल्हे राजधानीला कोळसा, लाकूड, धान्य पुरवतात आणि स्वतः अर्धपोटी राहतात. भातसा नदीकाठचे सापगाव ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात १८९२ मध्ये पूर्ण झालेले तानसा धरण आहे आणि मुंबईला सुमारे निम्मे पाणी देणारे भातसा धरणही आहे. तरीही उन्हाळ्यात तालुक्यातील अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. अशा परिसरातील तरुण श्रोत्याला ही कादंबरी पलायन ठरेल, की ओळखीच्या वास्तवाचे नामकरण? अद्भुताचा आस्वाद वास्तवापासून दूर नेतो हे खरे. पण दूर गेल्यावाचून सवयीने अंगवळणी पडलेला अन्याय दिसत नाही, हेही तितकेच खरे.

अर्थात येथे सावधगिरी हवी. जुलूम केवळ काल्पनिक राजधानीत ओळखावा आणि घराजवळून जाणारी जलवाहिनी मात्र निसर्गनियम मानावी, असेही घडू शकते. साहित्य दृष्टी देते. ती कोठे वळवावी हे समीक्षेने व अध्यापनाने सुचवावयाचे असते.

खरी त्रुटी वेगळीच आहे. कथा सांगणाऱ्याला श्रोत्याचा हुंकार लागतो. तो थांबला की सांगणारा थांबतो, वळण बदलतो. ध्वनिमुद्रित आवाजाला हुंकाराची गरज नसते. शिवाय तो आवाज बहुधा प्रमाण भाषेचा असतो. शहापूर-मुरबाड परिसरात ठाकर, वारली, कातकरी व महादेव कोळी समाजांच्या मौखिक परंपरा आहेत. त्यांतील ठाकरांच्या जीवनाची नोंद ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये इंग्रजी ग्रंथरूपाने केली. त्यांच्या बोलींतील अद्भुत मात्र श्राव्यपुस्तकांच्या दालनात अभावानेच आढळते. परक्या अद्भुताचा आस्वाद घेणे हा दोष नव्हे. घरचे अद्भुत ऐकण्याची सोयच नसणे हा दोष आहे.

जयंत नारळीकरांच्या ‘प्रेषित’सारख्या विज्ञानकादंबऱ्यांना अभ्यासक्षेत्रात स्थान मिळण्यासही वेळ लागला. श्राव्य कादंबरीच्या बाबतीत तो विलंब टाळता येईल. महाविद्यालयीन स्तरावर तिचा स्वतंत्र संहिता म्हणून अभ्यास व्हावा आणि संशोधक विद्यार्थ्यांनी परिसरातील कथकांचे ध्वनिमुद्रण त्यांच्या संमतीने व त्यांच्याच बोलीत करावे. श्रोता तयार आहे. त्याच्या कानावर काय पडावे, हा प्रश्न आता केवळ बाजारावर सोपवून चालणार नाही.